पिकअपचा डावा रॉड

ते प्रकरण मनात आलं की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग हायसं वाटतं. एका निर्दोष माणसाच्या अटकेचे कागद मी तयार करून ठेवले होते. फक्त सही राहिली होती.

तेव्हा मी पाटोद्याच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. दुष्काळाचं वर्ष. गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी उघडली होती. संस्थेची एक जुनी पिकअप तेलगावकडून उसाचं वाढं आणायची आणि छावणीत टाकायची. एका सकाळी उतारावर स्टेअरिंग एकीकडे आणि डावं चाक भलतीकडे झालं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. ड्रायव्हरचा हात मोडला, पण जीव वाचला, नशीब त्याचं. गाडी तपासणाऱ्या निरीक्षकाने लिहून दिलं की दोन्ही चाकं एकत्र वळवणारा जो रॉड असतो, त्याचा डावीकडचा जॉइंट झिजून निखळला.

संस्थेचे चेअरमन फिर्याद घेऊन आले. भारदस्त माणूस, आवाज मोठा, पण मनाने वाईट नाही. छावणीत जनावर बांधायची लोकांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा बैल तिथे नेला होता.

"साहेब, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा हेच टोक गेलं," ते म्हणाले. "नवं घातलं की पंधरा दिवसांत खुळखुळा. हे झिजत न्हाई, कुणीतरी झिजवतंय. त्या गाडीत मी रोज बसतो."

दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने, म्हणजे स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने, खबर आणली. गाडी दुरुस्त करणारा फिटर चहा पिताना म्हणाला होता, "ही गाडी एक दिवस चेअरमनला घेऊनच जाणार." संस्थेच्या निवडणुकीत हा फिटर चेअरमनच्या विरोधात फिरलेला. तिन्ही वेळा जॉइंट त्यानेच बसवलेला. हेतू मिळाला, संधी मिळाली, तोंडचं वाक्यही मिळालं. मला अजून काय पाहिजे होतं?

फिटरला चौकशीला बोलावलं. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं, असे दोन दिवस गेले. त्याची बायको सकाळीच डबा घेऊन यायची आणि समोरच्या लिंबाखाली बसून राहायची.

त्याच्या गॅरेजातून जप्त केलेले दोन जुने जॉइंट आणि अपघातात निखळलेला तिसरा मी टेबलावर ठेवले. जॉइंटवर ग्रीस आत राहावं म्हणून रबराची टोपी असते. तिन्ही टोप्या फाटलेल्या होत्या.

"ब्लेड कुठं आहे?" मी विचारलं.

तो उसळला. "साहेब, ब्लेडनं कापलं तर कड सरळ येती. हे घासून गेलंय, आन तिन्हीच्या एकाच अंगाला. टोपी फाटली की माती आत जाती, ग्रीस सुकतं, आतली गोळी झिजती. संस्थेवाल्यायला सांगू सांगू दमलो, खाली काहीतरी घासतंय म्हनून. कुणी ऐकंना, म्हनून वैतागून बोललो हॉटेलात."

"काय घासतंय मग?"

"तेच घावत न्हाई. माझ्याकडं गाडी घंटाभर ऱ्हाती. छावणीत दिसभर उभी असती."

"लई शहाणा आहेस," मी म्हणालो. माझे हवालदार हसले. मीही हसलो, सांगायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी वरून फोन आला, अटक का नाही. मी कागद तयार केले. इतक्यात फिटरची बायको पहिल्यांदाच आत आली.

"साहेब, त्यायला आज आत टाकता का सोडता, तेवढं सांगा," ती म्हणाली. "आमची गाय छावणीत हाय. ज्याचं जनावर त्यानंच पानी दावायचं, असा नेम हाय तिथं. मी हितं डबा घेऊन बसले तर तिला कोन बघील?"

छावणी! पंचनामा मी चारीत केला, झडती गॅरेजची घेतली. गाडी दिवसभर जिथे उभी असते तिथे मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. शिवाय अपघातानंतर चेअरमनने नवा जॉइंट बीडला बसवून आणला होता, या फिटरचा हात त्याला लागलेला नव्हता. तोही घासू लागला असेल तर हा माणूस सुटला. कागद तसेच ठेवून मी फिटरला आणि हवालदारांना जीपमध्ये घातलं.

अकराचा सुमार. पिकअप बाभळीखाली उभी होती आणि तिच्यापुढे, बाकी जनावरांपासून लांब, एक तांबडा दांडगा बैल. आम्हाला बघून त्याने फुरफुर करत दाव्याला हिसका दिला. गाडीचं पुढचं चाक जागच्या जागी हललं.

फिटर धावतच खाली शिरला. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. दावं रॉडलाच बांधलेलं होतं आणि ओढून ओढून डाव्या टोकाला, बरोबर रबराच्या टोपीवर जाऊन बसलं होतं. नवी टोपी एका अंगाने घासून पातळ झालेली, वर दाव्याचे तंतू चिकटलेले.

तेवढ्यात चेअरमन आले.

"हे दावं इथं कुणी बांधलं?" मी विचारलं.

"मीच. रोज मीच बांधतो. कावून?" ते म्हणाले. "मारका बैल हाय, दावणीला चालत न्हाई. बंपरच्या पत्र्यानं दावं कापतं. हा गज गोल हाय, मजबूत हाय."

फिटर गाडीखालूनच ओरडला, "चेअरमन, तुमच्या जिवावर तुमचाच बैल उठलाय!"

सारी छावणी हसली. चेअरमनचा चेहरा उतरला. ते तिथेच मातीत उकिडवे बसले, दावं हातात धरून बघत राहिले आणि मग फिटरचा हात धरून त्यांनीच त्याला बाहेर ओढलं. "चुकलं गड्या माझं," एवढंच म्हणाले. फिटरने डोळे पुसले आणि गायीकडे चालू लागला.

"साहेब, आरोपी चालला," हवालदार म्हणाले.

"कसला आरोपी बे? जाऊ दे त्याला," मी म्हणालो. छातीवरचं ओझं उतरलं होतं, खरं सांगतो.

दुपारी फिटरने जुन्या गाडीचा ॲक्सल आणून माळावर खुंटा म्हणून ठोकला. चेअरमन बैल धरून उभे होते.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. कोण काय बोललं, कुणाचं कुणाशी वाकडं, हे शोधायला आम्हाला वेळ लागत नाही. पण वस्तू जिथे असते तिथे जाऊन, ज्या वेळी असते त्या वेळी बघायचं, हे मी त्या माळावर शिकलो. आणि ज्याला त्याच्या कामातलं कळतं, त्याचं म्हणणं तो संशयित असला तरी ऐकून घ्यायचं.

ठाण्यावर परत आलो तर ती बाई अजून लिंबाखालीच होती. मी तिच्यासमोर ते कागद फाडले. तिला वाचता येत नव्हतं.

"म्हंजे उद्या डबा हितं आनायचा न्हाई ना?" तिने विचारलं.

"नाही बाई," मी म्हणालो, "उद्या घरीच वाढा."