कॉलरपाशी हिसकावून घे

जपानातल्या गिफू शहराच्या त्या शिवणखान्यात फुसाए हिबिनोचं मशीन शेवटचं, काजाचं. तिथे बसणं म्हणजे मान होता. शर्ट पुरा झाला की दोन्ही हातांनी खोक्यात ठेवायचा, आणि बाकीच्यांनी जरा मान लववायची. निम्म्या बायकांना शिवण तिनेच शिकवलेलं. जीभ अशी तिखट, की मालकसुद्धा तिच्या मशीनला वळसा घालून जायचा.

मग मुरासेने खुर्च्या काढून टाकल्या. मुरासे म्हणजे मशीनं दुरुस्त करणारा, चाळिशीचा, गणिताने झपाटलेला गृहस्थ. त्याची नवी पद्धत अशी: मशीनं आठ, बायका तीन, आणि तिघीही उभ्या. आपला शर्ट घेऊन एकेका मशीनवरून पुढे सरकायचं. शेवटचीचा शर्ट पुरा झाला की तिने मागे चालत यायचं आणि मधलीच्या हातातला अर्धा शर्ट घ्यायचा. मधलीने मागे येऊन पहिलीचा घ्यायचा, आणि पहिलीने नवा सुरू करायचा. कुणी कुठवर शिवायचं हे कुणीच ठरवायचं नाही. रांग आपली आपण ठरवील म्हणे!

"रांग ठरवील? मग उद्यापासून चहाही रांगच करील," फुसाए म्हणाली.

रांगेने कसलं काय ठरवलं! पहिल्या मशीनवर कायो, मध्ये मिसाए आणि शेवटी मानाच्या जागी फुसाए. दोघी तरुण पोरी भराभर शिवत येत आणि फुसाएच्या पाठीशी शर्ट धरून ताटकळत. मालकाचा चेहरा पडला. मुरासे मात्र काही बोलेना, आणि कुणी गप्प बसलं की फुसाएला चैन पडत नसे. ती सरळ त्याच्या खोलीत गेली.

टेबलावर शिवणाची टेप पसरलेली होती, तिच्यावर तीन बटणं: काळं, पांढरं, लाल.

"हा काय पोरखेळ?"

"ही आपली रांग. बटणं म्हणजे बायका. प्रत्येकीचा वेग वेगळा. सरकवून बघा."

फुसाए बसली. कोणतीही गोष्ट आतून कशी चालते हे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. सगळ्यात हळू काळं बटण पहिलं, मग पांढरं, सगळ्यात जलद लाल शेवटी. चार-सहा फेऱ्या झाल्या आणि बटणं दर वेळी त्याच त्याच ठिकाणी भेटायला लागली. तिने मुद्दाम भलतीकडून सुरुवात केली. पुन्हा तीच ठिकाणं! क्रम उलटा केला, तर नुसती धक्काबुक्की.

"अगंबाई! यांना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हळू ते आधी आणि जलद ते शेवटी, एवढंच पाहिजे. मग ती आपोआप जागेवर येतात."

"आणि काळं बटण म्हणजे कोण रे?"

मुरासे चष्मा पुसायला लागला. तोही तिच्याच हाताखाली शिकलेला. फुसाएला जे समजायचं ते समजलं, आणि ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने कायोला काजाच्या मशीनवर धाडलं आणि ती आपणहून पहिल्या मशीनवर जाऊन उभी राहिली. पहिला शर्ट पुढे गेला, मिसाए मागे आली, आणि हात बांधून उभी राहिली.

"होऊ दे ना तुमचं, फुसाए-सान. काही घाई नाही."

थोरल्यांच्या हातातलं अर्धं काम ओढून घ्यायचं? त्यापेक्षा मिसाएने जीव दिला असता. ती थांबली, म्हणून तिच्यापुढे कायो थांबली. रांग पुन्हा ठप्प.

"अगं, मी काय तुझी सासू आहे? ओढ!"

"मला नाही जमायचं."

"ऐक, शहाणे. तू थांबतेस ना, म्हणून सगळ्या खोलीला दिसतंय मी हळू आहे ते. ओढून घेतलंस, तर मी हळू की तू जलद, कुणाच्या बापाला कळत नाही!"

मिसाएने डोळे घट्ट मिटले आणि शर्ट हिसकावला. दुपारच्या जेवणापर्यंत दोघींची गाठ कॉलरच्या मशीनपाशी पडायला लागली, दर वेळी तिथेच. फुसाए मान न वळवता म्हणायची, "आली बघ."

अशी वर्षं गेली. फुसाएच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला, थंडीत बोटं आखडायला लागली. काळं बटण मंदावलं की भेटीची जागा मागे सरकते, हे तिला टेपवरून पक्कं माहीत होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: मिसाएचा हात कॉलरऐवजी त्याच्या आधीच्या, खांद्याच्या मशीनपाशी आला, की आपण घरी बसायचं. कुणी सांगायची वेळ येऊ द्यायची नाही. भीती होती, पण कधी येतो बघू, असं कुतूहलही होतं. हात काही येईना. कॉलर ती कॉलरच. म्हातारी अजून खमकी आहे म्हणायची, असं म्हणून ती खूश व्हायची.

एकदा चहाच्या वेळी कायो कुरकुरली. "माझी हल्ली किती पायपीट होते! आधी मिसाए कफापर्यंत आणून द्यायची. आता मला पार बाहीपर्यंत मागे यावं लागतं."

मिसाए घाईघाईने कप विसळायला उठली. फुसाएच्या तोंडात मुळ्याचं लोणचं तसंच राहिलं.

ती मुरासेच्या खोलीत गेली, टेप पसरली. काळं बटण मंद केलं, भेट मागे सरकली. पुन्हा केलं, पुन्हा सरकली. मग पांढरंही मंद केलं. भेट कॉलरवर थांबली, आणि लाल बटणाला लांबवर मागे यावं लागलं.

"मुरासे, तुला माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला. "शर्ट कमी निघतात, हे मालकालाही माहीत आहे."

संध्याकाळी मिसाए डबा बांधत होती.

"किती दिवस झाले गं, मुद्दाम हळू शिवतेयस?"

मिसाए कानापर्यंत लाल झाली. "तुम्ही गेलात तर मी कुणाच्या हातातून हिसकावू?"

फुसाएला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही.

"उद्या तुझ्या खऱ्या हाताने शिवायचं," ती म्हणाली. "मला बघायचंय."

सकाळी मिसाए खऱ्या हाताने शिवायला लागली. सुरुवातीच्या फेऱ्या इकडेतिकडे झाल्या. मग तिचा हात आला, तो खांद्याच्या मशीनपाशी. पुढच्या फेरीलाही तिथेच. मिसाएने शर्ट ओढला. फुसाएने घटकाभर तो घट्ट धरून ठेवला, आणि मग सोडला.