सरांची आयातबंदी

आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रात बसवता येणार नाही अशी एकही गोष्ट आमच्या शेजारच्या सरांना आजवर सापडलेली नाही. कॉलेजातून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. आता विद्यार्थी म्हणून संध्याकाळी आमची मुलगी आणि उरलेल्या वेळी आम्ही आहोत. जावई चार दिवस राहायला आला की ती ‘अल्पकालीन परकीय गुंतवणूक’, कधी पाय काढेल याचा नेम नाही. कुही गावाहून येणाऱ्या भाजीवालीनं एकदा वांगी मातीमोल भावात काढली, तर परक्या बाजारात स्वस्त माल ओतून तिथल्या विक्रेत्यांना उठवणं म्हणजे ‘डंपिंग’, हे सर तिला पिशवी उघडी धरून समजावत बसले. मागे माणसं खोळंबली. ती म्हणाली, “सर, वांगे घ्याचे आहे का शाळा भरवाची आहे?” सरांनी दोन किलो घेतली. त्यांचा विरोध तात्त्विक होता.

सर आणि काकू यांच्यातली घरकामाची वाटणीही तुलनात्मक लाभाच्या तत्त्वावर. “ही सगळीच कामं माझ्यापेक्षा चांगली करते. अशा वेळी दुबळ्या देशानं ज्यात तो त्यातल्या त्यात कमी वाईट आहे, तेवढंच करावं.” सर पेपर वाचण्यात कमी वाईट होते. काकू हसायच्या आणि पोळ्या लाटायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. माझी बायको सरांना रोज डबा पाठवू लागली. आमच्या गल्लीत आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. सरांनी आधी साखर घातली, मग बिस्किटं, आणि एकदा तर चक्क अर्धा कांदा. त्यानंतर त्यांनी दारातच जाहीर केलं, “आयात बंद!” चहा-ब्रेडवर दिवस काढू लागले. शर्ट अंगावर लोंबायला लागला. मी समजवायला गेलो, तर परकीय चलनाच्या गंगाजळीवर व्याख्यान देऊन त्यांनी दार लावून घेतलं. मला राग आला. खरं तर भीती वाटली.

शेवटी बायकोच डबा घेऊन त्यांच्या घरात शिरली. मागोमाग मी.

“सर, काहून नाही म्हणून राहिले तुम्ही?”

“सूनबाई, तूट वाढून राहिली. माह्याजवळ परत पाठवाले आहे काय?”

“अन् आमच्या पोरीले रोज संध्याकाळी शिकवता, ते? सेवा निर्यातीत धरत नाहीत का?”

जन्मभर पोरांना पहिल्याच तासाला हेच शिकवलं होतं सरांनी. निर्यात म्हणजे फक्त माल नव्हे, हे ते घरच्या घरी साफ विसरले होते.

“धरतात,” ते हळूच म्हणाले. मग काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. “हिची सेवा मी कधी धरलीच नाही वं.”

बायकोनं आत जाऊन ताट शोधलं, वाढलं, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. मला काकूंची फार आठवण आली. सर मान खाली घालून जेवत होते. त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली.