बत्तीस पावलांवरची बहीण

अंतर विचारलं की पीटी सर ते पावलांत सांगायचे. दुधाचं दुकान एकशे दहा, दवाखाना चारशे. एकदा एका पाहुण्याने शहराबाहेरच्या मिहानचा रस्ता विचारला, तर म्हणाले, "तिकडे पायी गेलो नाही गा, कसं सांगू?" माझे हे शाळेतले सर, पुढे मनीषनगरात शेजारीही झाले.

शाळेच्या मैदानावर आयुष्यभर चुन्याचे पट्टे आखले, ते खूळ निवृत्तीनंतरही गेलं नाही. रोज सकाळी भोकं पाडलेल्या डब्यातून चुना भुरभुरवत ते घरासमोरच्या रस्त्यावर पट्टे ओढायचे. त्यावरून बत्तीस पावलं चालून पलीकडे थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, चहाला जायचे. अक्कांचे गुडघे गेलेले, म्हणून जायचं सरांनीच. कुणी हॉर्न वाजवला की रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, "काहून बोंबलून राहिला? माणूस चालून राहिला ना!"

दुपारपर्यंत गाड्या पट्टे पुसून टाकायच्या. मी चिडवायचो, "सर, पुसलेच जातात, तर रोज कशाला?"

"मग तू रोज आंघोळ काहून करतं?"

रस्ता सिमेंटचा झाला आणि गाड्या सुसाट सुटल्या. कॉलनीचा सचिव मीच. दुभाजक बांधून द्या, असा अर्ज मी महापालिकेला लिहिला. सरांनी तो वाचून खाली पेन्सिलीने एक ओळ घातली: 'पायी जाणाऱ्यांसाठी मधे जागा सोडावी.' नव्याने टाइप करताना तेवढ्या ओळीने सह्या दुसऱ्या पानावर जात होत्या. मी ओळ गाळली. हे काय सांगावं लागतं, असं वाटलं मला.

अर्ज मंजूर झाला, तेव्हा मी एका लग्नासाठी आठवडाभर बाहेरगावी होतो. परतलो तेव्हा दुभाजक उभा होता, वर लोखंडी जाळी, आणि कॉलनीत पेढे वाटणं चाललेलं. मी दुभाजकाच्या कडेने फट शोधत सिग्नलपर्यंत गेलो. कुठेच नव्हती.

सर फाटकात उभे होते. "अर्जात लिवलं होतं ना आपण?"

"हो सर," मी म्हणालो. सरांशी असं खोटं बोलेन, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मग त्याईचंच चुकलं," म्हणून ते घरात गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी गाडी काढत होतो तर समोर पाहून ओरडलोच. ऐंशीला टेकलेले सर जाळीवर एक पाय टाकून अडकले होते. दोन्ही बाजूंनी ट्रक. पलीकडच्या फाटकातून अक्का हात हलवून नको नको म्हणत होत्या.

त्यांना उतरवून गाडीत बसवलं. सिग्नलपर्यंत जाऊन वळून पुन्हा मागे यायचं होतं. बहिणीकडे गाडीने जायची त्यांची ही पहिलीच वेळ. हळूच म्हणाले, "हे किती पावलं झाले असतील गा?"

मला राहवलं नाही. गाळलेल्या ओळीचं सगळं सांगून टाकलं. गाडी अक्कांच्या फाटकाशी थांबली.

अक्कांनी विचारलं, "गाडीनं येऊनही इतका उशीर काहून झाला?"

"रस्ता लंबा झाला वं," सर म्हणाले. माझं नावही घेतलं नाही. त्यांनी माझा कान पिळला असता तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरात सरांच्या मुलीने सर आणि अक्का दोघांनाही आपल्या घरी कामठीला नेलं. निघताना सरांनी चुन्याचा डबा माझ्या हातात दिला. "पट्टे ओढत जा," एवढंच म्हणाले.

जागा सोडण्यासाठी मी नवा अर्ज दिलाय. ती ओळ त्यात सगळ्यात वर आहे. अजून उत्तर नाही. रोज सकाळी मी पट्टे ओढतो. सोळाव्या पावलाला दुभाजक लागतो.