मिसरीची डबी

ती घटना आठवली की आजही माझा हात खिशातल्या तंबाखूच्या पुडीवर थबकतो.

माझं गाव सिंधुदुर्गात. शाळा सातवीतच सुटली. जालन्यात भरती निघाली म्हणून पोलीस शिपाई झालो, पुढं हवालदार झालो आणि याच जिल्ह्यात नोकरी संपवली. कमी शिकल्यामुळं पंचनाम्यात काही चुकेल, ही धास्ती शेवटपर्यंत होती. या प्रकरणात तर एका निरपराध माणसाला तुरुंगात पाठवण्याइतकी मोठी चूक माझ्या हातून होणार होती.

हायवेवर एका ट्रक ड्रायव्हरकडं नशेच्या गोळ्या सापडल्या. त्यानं सांगितलं, "शहागडच्या पुलाजवळ टाळी वाजवून मागणारी हाय ना, तिच्याकडून घेतल्या." ड्रायव्हरला आम्ही जबाब घेऊन बसवून चहा पाजला. बिचारा, लांबचा पल्ला मारतो! स्टेशन डायरीला नोंद करून त्या तृतीयपंथी बाईला मात्र सकाळीच उचलून आणलं.

झडती कुणी घ्यायची, यावर ठाण्यात हशा पिकला. मी तिलाच विचारलं. म्हणाली, "बाईनं घ्यावी." मंग आमच्या महिला अंमलदारानं घेतली. निघालं काय? कंगवा, रुमाल आणि मिसरीची डबी. ती डबी मी न उघडताच बाजूला ठेवली. आमच्याकडं निम्म्या बायका मिसरी लावतात, त्यात काय बघायचं?

अंमलदारानं ती उघडली. मिसरीखाली तांबडा दोरा बांधलेली पुडी, आणि तिच्यात दोन गोळ्या होत्या.

"कुणाकुणाला विकतेस?" मी तंबाखू मळत विचारलं.

"इकत न्हाई, साहेब. खाते."

"कशाला?"

"दिसभर गाड्यांमागं पळते. पाय तुटून पडत्यात. आधी एक घेत होते, आता न्हाई घेतली तर उभं राहवत न्हाई. तुम्ही काय मळून राह्यले मंग? परसाद?"

ठाण्यातले हसले. मला राग आला.

"माल कुठून आणलास ते सांग. न्हाईतर विकणारी म्हणून आत जाशील."

"टाका आत. माझ्या तोंडून नाव निघायचं न्हाई. तिथं गरिबाच्या बाया येत्यात. उद्या तुम्ही त्यांच्या घरी जाल, नवरे त्यांना हाकलून देतील."

दुपारपर्यंत तिला जांभया सुरू झाल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अंगावर काटा आला. माझ्या मते नाटक. अटकेचा कागद लिहायला घेतला, तेवढ्यात अंमलदार म्हणाली, "साहेब, जरा बाहेर या."

ती पोरगी बदनापूरची, कधी जास्त बोलायची नाही. मान खाली घालून म्हणाली, "ही नाटक न्हाई करत. माझ्या आईला बराबर असंच होतं. आई मोसंबीच्या वखारीत क्रेट उचलते. मिसरी संपली की अशीच थरथरती. मला वाटायचं, मिसरीची तलफ. डबीच्या तळाशी आज बघितलं, तशीच पुडी घरी हाय, तांबडा दोरा बांधलेली. दुकान मला माहीत हाय."

घरची गोष्ट वरिष्ठाला सांगायची, हे सोपं नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला.

दोन पंच घेऊन निघालो. अंमलदार साध्या साडीत पुढं गेली. तिनं मिसरी मागताच दुकानदारानं विचारलं, "साधी देऊ का अंगदुखीची?"

"अंगदुखीची," ती म्हणाली.

पिठाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. जप्ती पंचनामा तिथंच केला. ड्रायव्हरही याच दुकानाचं गिऱ्हाईक निघाला. मग त्या तृतीयपंथी बाईचं नाव का घेतलं, विचारल्यावर म्हणतो, "तिचं नाव घेतलं की कुणी उलटून इचारत न्हाई, साहेब." त्याचं बरोबर होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

विकण्याचा आरोप तिच्यावर लागला नाही. उपचार घ्यायला तयार झाली म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तर तिथं नवा पेच. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या? नर्स, शिपाई एकमेकांकडं बघत उभे. अंमलदारानं त्याच दिवशी स्वतःच्या आईलाही भरती केलं होतं. ती म्हातारी खाटेवरून ओरडली, "बघत काय बसले? माझ्या शेजारी टाका तिला. दोघींचं दुखणं एकच हाय."

पुरुषाच्या व्यसनाला आम्ही थकवा म्हटलं, तृतीयपंथीयाच्या व्यसनाला धंदा म्हटलं, आणि बाईचं व्यसन तर आम्हाला दिसलंच नाही. सगळ्यांची गोळी एकच होती. हे मला त्या तिघींनी शिकवलं, आणि त्या पोरीनं तोंड उघडलं म्हणून माझ्या हातून पाप घडलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

निवृत्तीनंतर एकदा अंबडच्या बसस्टँडवर ती भेटली. अंग भरलं होतं. रिकाम्या हातांची टाळी वाजवून म्हणाली, "बघा साहेब, डबी न्हाई माझ्याकडं. चौदा महिने झाले. तुमचं काय?"

माझी मूठ खिशातल्या तंबाखूच्या पुडीवरच होती. ती मला बाहेर काढता आली नाही.