पगारी आजोबा

सुतारकाकांना उभ्या आयुष्यात कुणी गोड माणूस म्हटलं नव्हतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आणि अशा माणसाला म्हातारपणी नोकरी कसली लागावी, तर आजोबा होण्याची! ऐकून गल्ली हसली, पण सगळ्यात जास्त उडाले ते काका स्वतः.

त्याचं असं झालं. तळ्याकाठी तंबू लावून देणाऱ्या कंपनीचे पाहुणे पोहून नि शेकोटी पेटवून कंटाळायचे. त्यांना इथल्या माणसांचं घरही दाखवावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. कंपनीने एक रिकामं घर भाड्याने घेतलं, गल्लीतल्या शिंपीणबाईंना आजी केलं आणि काकांना आजोबा. रोज पाचच्या ठोक्याला गाईड सात-आठ तंबूवाले घेऊन हजर. काका फळीवर रंधा मारून दाखवायचे, पोरांच्या हातात लाकडाच्या ढलप्या द्यायचे. शिंपीणबाई चहा ओतता ओतता ठरलेलं वाक्य टाकायच्या, "आमची लेक लांब असते, पण रोज फोन करते हो!" त्यावर काकांनी डोळे पुसायचे, हेही ठरलेलं.

डोळे पुसायला काकांना नाटक करावं लागत नसे. त्यांची खरी लेक बारा वर्षं घराबाहेर होती. तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं म्हणून काकांनी तिची बॅग जिन्यावरून खाली भिरकावली होती. पुढे तिची पत्रं आली, ती न फोडता परत पाठवली. मग पत्रंही थांबली. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पत्ता शोधला असता तर मिळाला असता, पण कळवायचं कुठल्या तोंडाने?

त्या दिवशीही तंबूवाले आले. चिखलाने भरलेले बूट दारात काढून एकेक जण आत शिरला. शेवटून दुसरी एक बाई होती, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरलेली. काकांनी सहज वर पाहिलं आणि हातातला रंधा धाडकन पायावर पडला. लागल्याचंही त्यांना कळलं नाही. अरे देवा, ही तर लेक! कपाळ तसंच, उभं राहणं तसंच. आणि ती पोरगी? ती पोरगी म्हणजे आपली नात?

लेकीचाही चेहरा पांढराफटक पडला.

शिंपीणबाईंना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "आमची लेक लांब असते, पण..."

"आमची?" लेक जवळजवळ ओरडलीच. "बाबा, या कोण? आई कुठे आहे?"

गाईडने काकांना डोळ्यांनी दटावलं. काका नंतर सांगू शकले असते, बाजूला नेऊन सांगू शकले असते. एक वाकडा शब्द गेला, तर लेक नातीला घेऊन पुन्हा कायमची जाईल, हे त्यांना दिसत होतं.

"कुठे आहे आई? उद्या घरी येणार होते मी. धीर होत नव्हता म्हणून आधी तळ्यावर उतरले. तिला नात दाखवायची होती!"

"आई गेली गं," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी तुला कळवलं नाही. माझंच चुकलं सगळं." आणि त्या तोंडाळ माणसाने सगळ्यांसमोर हात जोडले.

मग हाही खेळाचाच भाग समजून एका दाढीवाल्या पाहुण्याने डोळे पुसले आणि टाळी वाजवली. "वा! काय जिवंत काम करता हो दोघं!" दुसऱ्याने वाजवली, तिसऱ्याने वाजवली, सगळं घर टाळ्यांनी भरलं. काकांचे हात तसेच जोडलेले राहिले.

सगळे वाजवतायत म्हटल्यावर नातही हसत हसत टाळ्या वाजवू लागली.

लेकीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "नको वाजवूस, बाळा," ती म्हणाली. "तुझी खरी आजी गेलीय."