टब आंबला तेव्हा

आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळायला देशभर जातात. माझे यजमानही लग्नाआधीपासून दक्षिणेकडच्या एका शहरात गलाईचं दुकान चालवत होते. सराफांकडचे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत करायचं, असं ते काम. आमच्या गावच्या काही बायका नवऱ्याबरोबर परमुलखात गेल्या, तिथली भाषा शिकल्या. मला जाता आलं नाही. सासू-सासरे थकलेले होते, थोडी शेती होती, पुढं मुलाची शाळा आली. मी विट्यातच राहिले. हे दिवाळीला यायचे, जत्रेला यायचे, कुणाच्या लग्नाला यायचे. पाहुण्यासारखे यायचे आणि मीही त्यांना पाहुण्यासारखंच आग्रह करकरून वाढायची.

सासू-सासरे गेल्यावर मुलाच्या कॉलेजसाठी मी सांगलीत आले. तळमजल्यावरचं लहान घर घेतलं, जवळच्या बालवाडीत सकाळचं काम धरलं. पुढं मुलगा वडिलांच्या दुकानात गेला, त्याचं लग्न झालं, तो तिकडंच राहिला. मी सांगलीत एकटी उरले. गांडुळांचा टब त्या दिवसांतला.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथं वहिनीनं गोठ्यामागच्या पत्र्याच्या सावलीत गांडूळखताचा वाफा केला होता. एकदा येताना तिनं ओंजळभर गांडुळं डब्यात घालून दिली, वर ओलं शेण आणि पाचट. एसटीत तो डबा मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं, खायचं काय आहे म्हणून विचारलं तेव्हा मला खोटं बोलावं लागलं, कारण खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती.

स्वयंपाकघरामागच्या अरुंद जागेत मी जुन्या टबाला भोकं पाडली. खाली नारळाच्या शेंड्या घातल्या, वर जुने पुठ्ठे, फाडलेली रद्दी आणि शेणखत. वहिनीनं सांगितलेलं मी तंतोतंत पाळत होते. एका कोपऱ्यात मूठभर सालं पुरायची, ती संपल्याशिवाय दुसरी घालायची नाहीत. लिंबू, चिंच, लोणचं, ताक यातलं काही नको, आंबट झालं की गांडुळांचं अंग पोळतं. टबाचं झाकण उघडलं की पावसानंतरच्या रानासारखा वास यायचा. कुंडीतल्या मेथीला मी ते खत घालायची. दिवसभरात माझ्या हातून कुणाला तरी खायला घातलं जातंय, एवढंही त्या काळात मला पुरत होतं.

मग यजमानांचा खोकला वाढला. तेजाबाचा धूर इतकी वर्षं छातीत गेला होता. डॉक्टरांनी दुकानात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं आणि ते कायमचे सांगलीला आले.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. जेवताना ते भिंतीकडं बघायचे. मी भाजी कशी झाली विचारायची, ते चांगली झाली म्हणायचे. सकाळी मी बालवाडीत गेले की ते मंडईपर्यंत चालत जायचे, ओळख नसलेल्या गावात इकडं-तिकडं बघून परत यायचे. घरात त्यांच्या हाताला काम नव्हतं. मी एकटीनं सगळं अशा बेतानं बसवलं होतं की दुसऱ्याला कुठं शिरायलाच जागा नव्हती.

टबाशी मात्र ते जाऊन बसायला लागले. एकदा मी सालं पुरताना त्यांनी विचारलं, एवढ्यावर यांचं भागतं का? मी म्हटलं भागतं. त्यांना ते पटलं नसावं. भरला टब आणि मूठभर सालं, हा हिशोब त्यांना कद्रूपणाचा वाटला असणार.

द्राक्षांचा हंगाम चालू असताना माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि मी आठवडाभर माहेरी गेले. ह्यांना गर्दीत धाप लागायची म्हणून ते घरीच थांबले. निघताना मी फक्त, टबाकडं बघा, एवढंच म्हटलं. कसं बघायचं ते सांगितलं नाही.

परत आले तेव्हा दारातच नाकाला झोंबलं. गोठा बरेच दिवस झाडला नाही तर येतो तसा उग्र वास. मागं गेले तर ते टबासमोर पाटावर बसलेले होते आणि टब वरून पांढराफटक दिसत होता.

काय झालं ते त्यांनी थांबत थांबत सांगितलं. मंडईच्या तोंडाशी द्राक्षांचा गाडा लावणाऱ्याशी त्यांची ओळख झाली होती. घडातून गळालेले, फुटलेले मणी तो संध्याकाळी टाकून द्यायचा. ते मणी हे पिशवीभर घेऊन यायचे आणि टबात ओतायचे, रोज. सुरुवातीला गांडुळं मण्यांभोवती जमली, म्हणून ह्यांना आनंद झाला. मग टबातून आंबलेला, शिरक्यासारखा वास यायला लागला, चिलटं घोंघावू लागली, खालून पाणी झिरपलं. एका सकाळी झाकण उघडलं तर सगळी गांडुळं झाकणाला आणि टबाच्या काठाला चिकटलेली, बाहेर पडायला वाट शोधत होती.

आंबट म्हणजे आम्ल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्य त्यातच गेलं होतं. दुकानात फरशीवर तेजाब सांडलं की त्यावर चुना टाकायचा, ते फसफसून शांत व्हायचं. त्यांनी तेच केलं. रंगाच्या दुकानातून भाजका चुना आणला आणि मुठीनं टबात पसरला. आतला ओला माल तापला. हात लावून बघितला तर चटका बसत होता, असं ते म्हणाले. काठावरची गांडुळं त्यांनी आधी प्रेमानं आत ढकलली होती.

मी लोखंडी पंज्यानं वरचा थर बाजूला केला. आत गांडुळं विरघळल्यासारखी होऊन पडली होती.

मला ओरडता आलं नाही. पण जे बोलले ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"एवढी वर्सं मी एकटीनं घर वढलं," मी म्हटलं, "तुमास्नी आठ दिस एक टब सांभाळता आला न्हाई."

ते उठले, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीतून आले तर घराला कुलूप. किल्ली शेजारी दिलेली, निरोप नाही. फोन लागत नव्हता. मंडईत बघून आले, द्राक्षवाल्याला विचारलं. दुपार कलल्यावर वहिनीचा फोन आला.

"वन्सं, दाजी हितं आल्यात," ती म्हणाली. "तुमचं काय वाजलंबिजलं का?"

हे माझ्या माहेरी आपणहून कधी गेले नव्हते. लग्नानंतर मोजक्या वेळा आले, तेही फेटा, आहेर, जेवण आणि लगेच परत. माझ्या भावाला वाटलं होतं की काहीतरी मोठं घडलंय. पण ह्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि सरळ वहिनीला विचारलं, तुमचा वाफा कुठं हाय?

ते तिथं राहिले. वहिनी फोनवर मला सांगत होती की जावयाचा मानपान राहिला बाजूला, हा माणूस खुरपं घेऊन गोठ्यामागं बसतो, किती घालता, कवा घालता, पाणी कसं मारता, एकेक विचारत राहतो. तिनं दोनदा उत्तर दिलं तर तिसऱ्यांदा पुन्हा विचारतो. मला हसू यायला लागलं आणि फोन ठेवल्यावर थोडं रडूही आलं. त्या दिवशी मी जे बोलले होते त्यातलं टबाबद्दल किती आणि बाकीचं कशाबद्दल, हे मला तेव्हा नीट कळलं. त्यांना ते माझ्याआधी कळलं असावं, नाहीतर ते एवढ्या लांब गेले नसते.

ते नव्हते तेव्हा मी टब रिकामा केला. चुन्याचा पांढरा माल वेगळा काढून फेकला. तळाच्या एका कोपऱ्यात, जिथं पुठ्ठ्याचा जाड थर होता, तिथं चुना पोचला नव्हता. पुठ्ठा उचलला तर खाली थोडी गांडुळं गुंतवळासारखी एकमेकांत शिरून बसली होती. जिवंत. त्यांच्या आसपास मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर तपकिरी दाणे होते. ती त्यांची अंडी. मी ते सगळं चमच्यानं उचलून ओल्या रद्दीत ठेवलं.

हे परत आले ते हातात डबा घेऊन. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या वयनीनं दिल्यात. आता तू सांग तसं करू."

मी त्यांना पुठ्ठा उचलून दाखवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

नवा टब आम्ही दोघांनी मिळून भरला. ते पुठ्ठे फाडायचे, मी भिजवून पिळायची. मुठीत दाबला तर थेंबभर पाणी यावं, धार लागू नये, हे त्यांनी वहिनीकडून शिकून आणलं होतं आणि मला नव्यानं शिकवत होते. मी शिकून घेतलं. कॉलेजजवळच्या दुकानातून त्यांनी लिटमसचे कागदही आणले. टबातली चिमूटभर माती पाण्यात कालवून निळा कागद बुडवायचा, लाल झाला तर आंबलंय. पहिल्यांदा कागद किंचित लालसर झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आता चुना नको. वहिनी अंड्याची टरफलं वाळवून, कुटून घालते, ती टाकू.

चौकातल्या ऑम्लेटवाल्याकडून ते टरफलं आणायला लागले. धुऊन, उन्हात वाळवून खलबत्त्यात पिठासारखी कुटायची आणि चमचाभर वरून भुरभुरायची. ही पूड सावकाश विरते, एकदम अंगावर येत नाही. आंबटपणा जाईपर्यंत खायला घालणं आम्ही बंदच ठेवलं होतं. ते ह्यांना सगळ्यात जड गेलं. दिवसातून किती वेळा झाकण उचलून बघायचे आणि म्हणायचे, उपाशी असतील.

अशाच एका दुपारी टरफलं कुटता कुटता ते बोलायला लागले. बत्ता थांबला नव्हता, माझ्याकडं बघतही नव्हते.

"दुकानात तेजाब सांडलं की लगीच चुन्यानं मारायला लागायचं, न्हाईतर पाय भाजायचं," ते म्हणाले. "समदं घाईचं. हितं घाई चालत न्हाई, हे मला ठावंच न्हवतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी घरी यायचो तवा तू ताटात वाढतच ऱ्हायचीस. पोट भरलं तरी वाढायचीस. मला वाटलं, खाऊ घालायचं म्हंजे असंच असतंय."

"आवं, तुमी चार दिसांसाठी यायचा," मी म्हटलं. "पुन्ना कवा येशीला कुणाला ठावं. म्हणून वाढायची."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी दुसऱ्यांदा वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात धरला आणि सकाळी खाईन म्हणाले. लहानशी गोष्ट, पण मला बरं वाटलं. सकाळी ते असणार होते.

कागद निळाच राहायला लागला तसं आम्ही केळ्याच्या सालीचा एक तुकडा बारीक करून कोपऱ्यात पुरला. तो संपेपर्यंत दुसरा घातला नाही. मग चहाचा चोथा, मग दुधीची साल. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. टबात पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. त्यांना वाटलं कीड पडली, पुन्हा काहीतरी बिघडलं. चेहरा उतरला होता. मग आत जाऊन ते सोनं तपासायचं भिंग घेऊन आले, डोळ्याला लावलं. नंतर भिंग माझ्या हातात दिलं. त्या पांढऱ्या दोऱ्यांच्या आत लालसर रेघ होती. गांडुळांची पिल्लं होती ती. तपकिरी दाण्यांतून बाहेर पडलेली, चुन्यातून वाचलेली.

आम्ही आळीपाळीनं बघत बसलो आणि मला बालवाडीत जायला उशीर झाला.

आता टब दोन झाले आहेत. ह्यांचा खोकला गेलेला नाही, पण मंडईपर्यंत चालताना पूर्वीसारखं थांबावं लागत नाही. बिल्डिंगमधल्या दोघीजणी गांडुळं मागून घेऊन गेल्या. त्यांना देताना हे दारात उभं राहून, आधीचं संपल्याशिवाय घालायचं नाही, द्राक्षं तर मुळीच नाही, असं बजावून सांगतात. द्राक्षं का नाही ते मात्र सांगत नाहीत. मीही सांगत नाही. जेवताना ते आता भिंतीकडं बघत नाहीत. दुकानातल्या गोष्टी सांगतात, त्या शहरातल्या रस्त्यांच्या, तिथल्या जेवणाच्या, मी कधी न पाहिलेल्या दिवसांच्या. मी त्यांना सासऱ्यांचं शेवटचं आजारपण सांगितलं, मुलाच्या शाळेतल्या भानगडी सांगितल्या. बरंच बाकी आहे.

परवा फोनवर सुनेनं टब पाहिला आणि तिलाही हवा म्हणाली. तिच्या गच्चीत झाडं आहेत. ह्यांनी लगेच ठरवून टाकलं की पावसाळा सरला की दोघांनी मिळून जायचं, गांडुळं सोबत न्यायची आणि महिनाभर राहायचं. त्यांना मला ते शहर दाखवायचं आहे. समुद्र लांब नाही म्हणे. मी म्हटलं, जाऊ की.

फक्त इथल्या टबांचं काय करायचं यावरून आमचं रोज होतं. नीट भरून ठेवला तर टबाला महिनाभर कुणी बघायची गरज नसते, पुठ्ठ्यावरही गांडुळं राहतात, असं मी सांगते. ते ऐकून घेतात आणि तरी झाकण उघडून बघायला शेजारणीला किल्ली देऊन ठेवू म्हणतात.