गॅरेजची पांढरी भिंत

२२ एप्रिल २००४ रोजी, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, संपत परिटाने आठ हजार चारशे पन्नास रुपये रोख मोजून कपडे धुण्याचं मशीन घेतलं आणि टेम्पोतून कोथरूडला वेणूबाईंच्या गॅरेजपाशी उतरवलं. दोन टाक्यांचं मशीन. एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. धायरीतल्या त्याच्या घराण्यात दगड सोडून मशीनवर कपडे धुणारा तो पहिलाच. तरी त्याचा चेहरा उतरलेला होता. टेम्पोवाल्याने विचारलंही, "काय मालक, हप्त्यावर घेतलंय का? तोंड असं का पडलंय?"

खरं कारण गॅरेजच्या भिंतीत होतं, आणि ती भिंत अजून ओली होती.

संपतचे वडील कालव्यावर कपडे धूत. संपत इस्त्रीत शिरला. सतरा वर्षं त्याची हातगाडी वेणूबाईंच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर, शिरीषाच्या सावलीत उभी असायची. अतिक्रमणवाले आले की वेणूबाईंचे यजमान यज्ञेश्वरराव चपला न घालता बाहेर येत, फाटक उघडून हातगाडी आत घ्यायला लावत आणि त्या लोकांना सांगत, "ही माझी आहे. घरचे कपडे फार पडतात." घरात माणसं दोन. कंडक्टरने आठ आणे कमी दिले तर डेपोत जाऊन अर्ज करणारा तो माणूस. पण संपतसाठी बेधडक खोटं बोलायचा.

यज्ञेश्वरराव गेले, त्यांची जुनी फियाट विकली गेली आणि बंगल्यापासून दहा पावलांवरचं गॅरेज दोन वर्षं बंद राहिलं. तोवर भोवतालचा कोथरूड पालटला होता. बंगल्यांच्या वरच्या खोल्या अकोला, यवतमाळकडच्या पोरांनी भरल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती सकाळीच कंपनीच्या बसने खराडीकडे, हिंजवडीकडे जात. त्यांतला शुभंकर नावाचा अकोल्याचा मुलगा संपतला एकदा म्हणाला, "काका, तुम्ही धुऊन काहून नाही देत? आम्ही रविवारी झोपावं का कपडे धुवावं?"

हे वेणूबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी गॅरेजची किल्लीच संपतच्या हातावर ठेवली. "भाडं पाचशे. पाण्या-विजेचं वेगळं. आणि हे बघ, आहे तसं वापर. सुधारणा करायला जाऊ नकोस."

आपल्याला खर्च पडू नये म्हणून काकू असं म्हणतात, अशी संपतने समजूत करून घेतली. निदान तेव्हा तरी.

मग वेणूबाई पंधरा दिवसांसाठी ठाण्याला लेकीकडे गेल्या. अक्षय्य तृतीयेला सकाळी परत येते, मशीनपुढे नारळ मीच फोडणार, असं बजावून गेल्या. संपत कामाला लागला. फरशीला दाराकडे उतार होता, त्यामुळे पाणी बाहेर काढायला नुसती एक पन्हळ पुरली. नळ आत घेतला, वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं, जुन्या सतरंज्या चौघडी घालून इस्त्रीचं टेबल सजवलं, नायलॉनच्या चार दोऱ्या ताणल्या. राहता राहिली डावीकडची भिंत.

त्या भिंतीवर यज्ञेश्वररावांनी चोवीस वर्षं शिसपेन्सिलीने लिहिलं होतं. गाडी बाहेर काढून परत आणली की दर वेळी एक ओळ: तारीख, किलोमीटरचा आकडा, कुठे गेलो, पेट्रोल किती. जमिनीपासून हात पोचेल तिथवर ओळींवर ओळी. मध्ये तेलकट बोटांचे ठसे, पुसलेल्या चिंध्यांचे फराटे.

परिटाच्या डोळ्याला डाग आधी दिसतो. या भिंतीला एखादा ओला पांढरा शर्ट घासला तर गिऱ्हाईक गेलंच, हे संपतच्या मनात बसलं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने चुना कालवला आणि सवयीने त्यात चिमूटभर नीळही टाकली. बायको मुक्ताई बादली धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो, साहेबांचं अक्षर हाय ते. काकूंना फोन तरी करा."

"फोन कशाला? त्यांना उलट बरं वाटेल. काय हिशेबाची वही आहे का ती?"

"हिशेबाचीच तर हाय," मुक्ताई म्हणाली.

कुंचला टेकवण्याआधी संपतने एक ओळ वाचली. वाचली म्हणजे चांगली दोनदा वाचली. '११-५-८३. कात्रज. बोगद्यापाशी गाडी तापली. वेणूने फिरकीच्या तांब्यातलं पाणी घातलं. पेट्रोल ९ लि.' तो क्षणभर थांबला. मग त्याला मुहूर्त आठवला, उद्या बघायला येणारी पोरं आठवली, आणि त्याने कुंचला फिरवला. तासाभरात भिंत कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला वेणूबाई रिक्षातून उतरल्या, त्या पिशवीतला नारळ काढतच गॅरेजात आल्या. मशीनकडे त्यांनी पाहिलंच नाही. डावीकडे वळल्या आणि उभ्या राहिल्या. तेवढ्यात शुभंकर आत डोकावून म्हणाला, "काका, एकदम चकाचक झालं की."

"हो ना," वेणूबाई म्हणाल्या. "डाग म्हणून शिल्लक ठेवला नाही संपतने."

शुभंकर हसून निघून गेला. वेणूबाईंनी भिंतीवर खांद्याच्या उंचीला हात ठेवला. तळव्याला ओला चुना लागला. "इथे कात्रज होतं," त्या म्हणाल्या. "तुला दिसलं नाही का रे काही लिहिलेलं?"

"नाही काकू. अंधार पडला होता. मला वाटलं, नुसते डागच आहेत."

मशीनपाशी उभ्या मुक्ताईने मान खाली घातली. वेणूबाईंनी पदराला हात पुसला, नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं. जाताना विचारलं, "चुन्याला किती लागले?"

"राहू द्या काकू."

"भिंत माझी आहे. किती?"

"चाळीस."

त्यांनी पन्नासची नोट टेबलावर ठेवली. संपतचे सगळे पैसे मशीनमध्ये गेले होते; दहा रुपयेही सुटे निघाले नाहीत. "मागेन तेव्हा दे," म्हणून त्या निघून गेल्या.

त्या दुपारी संपतने ओल्या फडक्याने चुना उतरवून पाहिला. शाईचा, हळदीचा, पानाचा डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण घालवलेला डाग परत कसा आणायचा, ते त्याला ठाऊक नव्हतं. चुन्याबरोबर पेन्सिलही फडक्यावर आली.

धंदा चालला. महिन्यात बावीस पोरांचे कपडे येऊ लागले. संपत डावीकडे पाठ करून इस्त्री करायला शिकला. वेणूबाईंच्या साड्या तो सगळ्यांच्या आधी करी, आणि त्या दर वेळी ठरलेले पैसे मोजून देत. हातगाडीच्या दिवसांत त्या कधी चहा पाठवत, कधी गप्पा मारत. आता कपडे मोजून ठेवायच्या आणि जायच्या.

पितृपक्षात यज्ञेश्वररावांच्या तिथीच्या आदल्या दिवशी गुरुजींना द्यायचं धोतर कडक करून घ्यायला त्या आल्या. टेबलापाशी टेकल्या आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाल्या, "मुलगी म्हणते, कात्रजला तेव्हा थर्मास होता. थर्मास कुठला आमच्याकडे? पण मलाही नक्की आठवेना. कशातनं ओतलं होतं मी पाणी, कोणास ठाऊक. यांनी लिहिलं होतं सगळं."

संपतच्या हातातली इस्त्री थांबली. तांब्या आता साऱ्या जगात एकट्या त्याला माहीत होता. सांगावं तर एप्रिलमधलं खोटं उघडं पडत होतं, आणि किल्ली काकूंचीच होती. गप्प राहिलं तर उद्या तिथीला त्या थर्मास म्हणतील, आणि पुढे तोच खरा होईल. अतिक्रमणवाल्यांसमोर अनवाणी उभा राहणारा माणूस त्याला दिसला. धोतर करपल्याचा वास यायला लागला तेव्हा त्याने इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"फिरकीचा तांब्या होता, काकू."

वेणूबाईंनी मान वर केली.

"अकरा मे त्र्याऐंशी. कात्रज. बोगद्यापाशी गाडी तापली. वेणूने फिरकीच्या तांब्यातलं पाणी घातलं. पेट्रोल नऊ लिटर."

"म्हणजे वाचलं होतंस."

"हो."

"वाचून पुसलंस."

"हो काकू. वर खोटंही बोललो."

संपतने खिशातून गॅरेजची किल्ली काढून टेबलावर ठेवली. वेणूबाईंनी किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "धोतर जाळलंस. नवं आणून दे, उद्या नऊच्या आत. आणि तुझी ती पेन्सिल दे."

पावत्या लिहायची पेन्सिल त्याने दिली. वेणूबाई भिंतीपाशी गेल्या, खांद्याच्या उंचीला. "सांग परत. सावकाश."

संपत सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. अक्षर यज्ञेश्वररावांसारखं मुळीच नव्हतं, ओळ तिरकी गेली. लिहून झाल्यावर त्यांनी किल्ली त्याच्याकडे सरकवली. "आणखी काय वाचलं होतंस?"

"एवढंच, काकू."

"एवढंच," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पुढे कितीतरी वर्षं गॅरेज चाललं, मशीन दोनदा बदललं. त्या भिंतीवर ती एकच ओळ राहिली आणि संपतने तिच्याजवळ दोरी बांधली नाही. मशीनचे सगळे पैसे कधीच वसूल झाले. चुन्याच्या नोटेतले दहा रुपये वेणूबाईंनी कधी मागितले नाहीत. ते संपतने अजून द्यायचे आहेत.